वाहनपूजा की प्रतिष्ठापूजा?

२०२५ सालच्या शारदीय नवरात्रात आमचा मुक्काम हैदराबादेस, कुकटपल्ली या उपनगरात, एका जुन्या स्नेह्यांच्या घरी होता. त्या वर्षी घटस्थापना २२ सप्टेंबर रोजी आली, आणि नेमक्या त्याच दिवशी मोटारींवरील वस्तू व सेवा कराचे नवे दर देशभर लागू झाले. लहान मोटारींवर २८ टक्के कर व वर थोडा अधिभार होता, तो १८ टक्क्यांवर आला. मोठ्या मोटारींवर कर आणि अधिभार मिळून ४५ ते ५० टक्के भरावे लागत, तेथे सरसकट ४० टक्के झाले. एकीकडे देवी घटी बसली आणि दुसरीकडे लक्ष्मी मोटारींच्या दुकानी जाऊन उभी राहिली, असा तो योग होता.

विजयादशमीस तेथील रस्त्यांवर जे दृश्य दिसले ते आमच्या वाचकांस अपरिचित नाही. झेंडूच्या माळा घातलेल्या, हळदकुंकवाने माखलेल्या नव्या कोऱ्या गाड्या, चाकांखाली लिंबे, समोर फुटलेला कोहळा, आणि हाती शमीची पाने घेऊन एकमेकांस आलिंगन देणारे तेलुगू व मराठी शेजारी. दृश्य मोठे प्रसन्न होते. आमच्या यजमानांचीही नवी गाडी आली होती. ती इतकी उंच व रुंद होती की तिला घराच्या फाटकातून आत येता येईना. दोन वेळा पुढेमागे करून पाहिली, शेवटी ती गल्लीतच उभी राहिली. यजमानांच्या वृद्ध मातोश्री ओसरीवर बसून हा प्रकार पाहत होत्या. हे घराणे मूळचे फोंड्याकडचे. मातोश्रींची कोंकणी पन्नास वर्षे परमुलखात राहूनही तशीच टवटवीत. त्यांनी सहज विचारले, "पुता, ही आमच्या दारांत मावना, मागीर कित्याक घेतली?" चिरंजीव हसले आणि म्हणाले, "आई, ल्हान घेतली जाल्यार लोक कितें म्हणटले?"

आमच्या आजच्या लेखाचा विषय हा एवढाच प्रश्न आहे. माणसे मोटारी घेतात त्या कोणासाठी? स्वतःसाठी, कुटुंबासाठी, की लोकांसाठी? आणि लोकांसाठी घेत असतील, तर त्या वस्तूची देवापुढे पूजा मांडताना आपण नेमकी कोणाची पूजा मांडतो?

प्रथम स्थळाचा थोडा परिचय देतो, कारण वाद समजण्यास तो उपयोगी आहे. कुकटपल्ली हे काही नवलाईचे बेट नव्हे. पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादेस व तेथून पुढे मच्छलीपट्टणमकडे जाणारा जो राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ९ व आताचा ६५, त्याच्याच काठावर ते वसले आहे. सोलापुराकडून हैदराबादेत शिरणारा मराठी माणूस याच रस्त्याने शहरात येतो. जुन्या पिढीतील मराठी कुटुंबे काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत राहिली. १९०७ साली स्थापन झालेल्या विवेकवर्धिनीसारख्या संस्था त्यांनीच नावारूपास आणल्या. नवी पिढी संगणकाच्या उद्योगामागून आली आणि कुकटपल्लीच्या बाजूस स्थिरावली. तेथील गृहनिर्माण मंडळाची वसाहत १९८०च्या दशकातील. अल्प उत्पन्न, मध्यम उत्पन्न, उच्च उत्पन्न अशा श्रेणी पाडून मंडळाने घरे बांधली. त्या काळी घरापुढे सायकल किंवा फार तर स्कूटर उभी राहील, अशीच बांधणाऱ्यांची कल्पना होती, आणि गल्ल्या त्याच मापाने आखल्या गेल्या. पुढे १९९८ साली जवळच सायबर टॉवर्स उभे राहिले, २००७ साली कुकटपल्ली नगरपालिका बृहन् हैदराबाद महानगरपालिकेत विलीन झाली, एकमजली घरांच्या जागी चारचार मजले चढले. घरे वाढली, माणसे वाढली, गाड्या वाढल्या. गल्ली मात्र होती तेवढीच राहिली. या गल्लीत कोणती गाडी आणावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ आवडीनिवडीचा नाही.

आता मोठी गाडी घेणारे आपल्या समर्थनार्थ जी कारणे सांगतात, ती एकेक तपासून पाहू.

पहिले कारण, कुटुंब मोठे आहे. हे कारण ऐकून आम्ही यजमानांच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी अर्धा तास उभे राहिलो. उंच, सात आसनी गाड्या एकामागून एक बाहेर पडत होत्या आणि बहुतेकींत एकच मनुष्य बसलेला होता. मोठे कुटुंब घरीच होते. त्यातील आजोबा चालत मंदिरात गेले होते, सूनबाई रिक्षाने शाळेत गेल्या होत्या, आणि नातवंडे बसची वाट पाहत कोपऱ्यावर उभी होती.

दुसरे कारण, गावी जावे लागते. गोव्यास कुलदेवतेच्या जत्रेला, पंढरपुरास, सोलापुरास. हे खरे आहे. परंतु वर्षातून किती वेळा? दोन वेळा, फार तर तीन. त्या पाचसात दिवसांसाठी उरलेले साडेतीनशे दिवस एवढे धूड पोसावयाचे, हा हिशेब आमच्या आजीने भांड्यांच्या बाबतीतही कधी केला नसता. लग्नकार्याला लागणारे मोठे पातेले ती देवळातून मागून आणी आणि घासून परत करी. रोजच्या भातासाठी तिने ते चुलीवर चढविले नाही.

तिसरे कारण सर्वांत भारदस्त, आणि ते म्हणजे सुरक्षितता. मोठी गाडी घेतली म्हणजे आपली मुलेबाळे सुखरूप राहतील अशी समजूत सर्वत्र आहे. या समजुतीत वात्सल्य आहे म्हणून तिचा आम्ही आदर करतो. परंतु ती अर्धसत्य आहे. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने आपल्याकडील अनेक लोकप्रिय लहान गाड्यांच्या टकरीच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा एअरबॅग नसलेल्या त्या गाड्यांस एकही तारा मिळाला नाही, ही गोष्ट खरी. परंतु त्यानंतर चारच वर्षांनी, २०१८ साली, ज्या भारतीय गाडीस प्रथम पाच तारे मिळाले ती टाटांची नेक्सॉन चार मीटरांच्या आतलीच होती. म्हणजे जीव वाचविते ते गाडीच्या सांगाड्याचे बळ, एअरबॅग आणि पट्टा. गाडीची उंची नव्हे. २०२३च्या ऑक्टोबरपासून तर भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणीपद्धती सुरू झाली आहे. यजमानांस आम्ही विचारले, "आपल्या गाडीस किती तारे आहेत?" त्यांस ते ठाऊक नव्हते. छताला काच आहे, ती बोटाच्या इशाऱ्याने उघडते, हे मात्र त्यांनी दोनदा दाखविले.

आणि पट्ट्याचे काय? केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी पट्टा बांधलेला नव्हता, आणि त्यांत जवळजवळ निम्मे चालक नव्हते, बरोबर बसलेले प्रवासी होते. त्याच वर्षी सप्टेंबरात पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी जगातील उत्तमांपैकी होती. परंतु मागच्या आसनावर पट्टा बांधलेला नव्हता. विजयादशमीच्या दिवशी आमच्या यजमानांनी चार लिंबे चाकांखाली ठेवली, आरशाला काळी बाहुली बांधली, समोर गणपती बसविला, आणि चार वर्षांच्या नातवाला पुढच्या आसनावर मांडीत घेऊन गाडी मंदिराकडे हाकली. पट्टे होते तेथेच लोंबत होते. श्रद्धेची चेष्टा करण्याचा आमचा हेतू नाही. आम्हीही त्या गाडीत होतो आणि आम्हीही पट्टा बांधला नाही. परंतु देवाने दिलेली बुद्धी घरी ठेवून देवाकडे संरक्षण मागावयास जाणे, याला श्रद्धा म्हणावे की देवाची परीक्षा, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

सुरक्षिततेला आणखी एक बाजू आहे. ती गाडीच्या बाहेर चालते. २०२२च्या त्याच मृतांत सुमारे एकपंचमांश पादचारी होते. अमेरिकेतील विमा-कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्या गाडीचे बॉनेट ४० इंचांहून उंच, तिची धडक पादचाऱ्यास लागल्यास तो मरण्याचा संभव ठेंगण्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक. जी उंची आपल्यास आत निर्धास्त वाटते, तीच बाहेरच्याच्या छातीवर येते. आपले मूल वाचावे म्हणून दुसऱ्याच्या मुलाचा धोका वाढविणे, हे कोणत्या धर्मात बसते?

तेव्हा सांगितलेली कारणे टिकत नाहीत. खरे कारण मातोश्रींना मिळालेल्या उत्तरातच होते. लोक कितें म्हणटले!

हे दुखणे आजचे नाही. परंतु पूर्वी त्याला वाव नव्हता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियरची फियाट, जिचे पुढे 'पद्मिनी' असे नामकरण झाले, आणि कलकत्त्याकडची अँबॅसडर, एवढ्यातच सामान्यतः निवड होती. आणि निवड तरी कसली, नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणे होते. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, सुमारे ५० हजार रुपयांस. मध्यमवर्गीयांच्या दारी मोटार प्रथम आली ती हीच. तिच्यात चार माणसे व एक आजी बसून तिरुपतीस जाऊन येत, आणि कोणाची मान खाली होत नसे. पुढे १९९४ साली टाटांची सुमो आली. तिचे नाव जपानी पैलवानांवरून पडले असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः ते ज्यांनी टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभारला त्या सुमंत मूळगावकरांच्या नावाआडनावाच्या आद्याक्षरांवरून घेतले आहे. आपल्याच भाषाबंधूचे हे नाव हजारो गाड्यांच्या पाठीवर देशभर फिरले, याचा आम्हांस अभिमान आहे. सुमो मोठी होती. परंतु ती दहा माणसे वाहून नेई. मोठेपणाला तेथे काम होते.

मग २००८च्या जानेवारीत नॅनो जगापुढे आली. भर पावसात एका स्कूटरवर चौघांचे कुटुंब भिजत जाताना पाहून रतन टाटा यांच्या मनात या लाखाच्या मोटारीची कल्पना आली, असे ते स्वतः सांगत. तिचे पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. कारखाना सिंगूरहून साणंदला हलवावा लागला, काही गाड्यांनी पेट घेतला, टकरीच्या चाचणीतही ती टिकली नाही. हे दोष आम्ही लपवीत नाही. परंतु तिला सर्वांत मोठा अपशकुन झाला तो 'सर्वांत स्वस्त' या विशेषणाचा, आणि ते विशेषण चिकटविणे ही चूक होती असे पुढे खुद्द टाटांनीच कबूल केले. २०१८ साली तिचे उत्पादन बंद पडले. ज्या देशात स्कूटरवर चौघे भिजतात, तेथे त्यांना छप्पर देणारी गाडी केवळ स्वस्त म्हटली म्हणून लाजिरवाणी ठरली! लोक भिजावयास तयार झाले, परंतु गरीब दिसावयास तयार झाले नाहीत.

कारखानदारांनी हा स्वभाव अचूक ओळखला आहे. २००६च्या अंदाजपत्रकात लहान गाड्यांवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणताना लांबीची मर्यादा चार मीटर ठरली. तिच्यात बसण्यासाठी २००८ साली इंडिगोची शेपटी छाटण्यात आली. आता लांबी वाढविता येत नाही म्हणून उंची वाढविली जाते, आणि लहान गाडीलाच मोठ्या गाडीचा मुखवटा चढविला जातो. कर लहानाचा, ऐट मोठ्याची! यात कारखानदारांस दोष देण्यात अर्थ नाही. आरसा विकणाऱ्याने चेहरा घडविलेला नसतो.

ही ऐट गाडीवर थांबत नाही, ती तिच्या नंबरापर्यंत जाते. हैदराबादेस खैरताबादच्या परिवहन कार्यालयात २०२४ साली '९९९९' या एका क्रमांकासाठी लिलावात पंचवीस लाखांहून अधिक रुपये मोजले गेले. चार आकडी पत्र्याच्या किमतीत एका पाठशाळेचा वर्षाचा खर्च निघाला असता. असे क्रमांक घेणारे पुष्कळ जण शुभाशुभाचे निमित्त सांगतात; आम्हांस विचाराल तर ज्या आकड्याचे पुण्य लिलावात विकत मिळते, ते पुण्य नव्हेच.

आता आमच्यावर येणारे आक्षेपही ऐकून घेतले पाहिजेत. कोणी म्हणेल, आम्ही घाम गाळून पैसा मिळविला, तो कसा खर्चावा हे सांगणारे तुम्ही कोण? आक्षेप रास्त आहे. घरात जी वस्तू मावते तिच्याविषयी बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु जी घरात मावत नाही म्हणून सर्वांच्या गल्लीत उभी राहते, तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार सर्व गल्लीला आहे. दुसरा म्हणेल, मेट्रोने जा असे सांगणे सोपे आहे. हेही आम्ही मान्य करतो. २०१७च्या नोव्हेंबरात मियापूरपासून मेट्रो सुरू झाली, कुकटपल्लीला तिची स्थानके मिळाली. परंतु हायटेक सिटीकडे जावयाचे तर आधी अमीरपेठेपर्यंत उलट जाऊन तेथे गाडी बदलावी लागते. स्थानकापर्यंत चालत जावे तर पदपथावर दुकाने आणि स्कूटरी. म्हातारी माणसे, गुडघे दुखणारी माणसे, रात्रपाळीच्या मुली यांना स्वतःचे वाहन हवे, यात शंका नाही. आमचा वाद मोटारीशी नाही. मोटारीने बायकांस मोकळीक दिली, आजाऱ्यांस रुग्णालय जवळ केले, गावाची वाट सोपी केली. आमचा वाद आहे तो ज्या मोटारीची निवड गरजेने केली नाही, शेजाऱ्याच्या नजरेने केली, तिच्याशी.

त्या नजरेची किंमत किती असते, ते आम्ही त्याच मुक्कामात पाहिले. द्वादशीच्या रात्री शेजारच्या एका वृद्ध बाईंच्या छातीत दुखू लागले. मुलाने १०८ क्रमांकास फोन केला. ही सेवा २००५ साली याच शहरात सुरू झाली, आणि त्या रात्रीही रुग्णवाहिका वेळेवर आली; परंतु गल्लीच्या तोंडाशीच थांबली. दोन्ही बाजूंस उंच गाड्या उभ्या होत्या आणि मधली वाट पुरेशी नव्हती. सर्वांत अधिक जागा अडविलेली गाडी कोणाची होती, हे सांगण्याची आवश्यकता नाही. तिच्या आरशाला अजून काळी बाहुली लोंबत होती. यजमान किल्ली शोधीत राहिले. शेवटी त्या बाईंना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून चौघांनी उचलून नेले. त्यांतील एक पाय आमचाही होता, म्हणजे खुर्चीचा. बाई वाचल्या, बऱ्या होऊन घरी आल्या. परंतु खुर्ची वाहून नेताना दोन गाड्यांमधून आडवे होऊन जावे लागले, आणि त्यांचा हात एका चकचकीत दाराला घासला, तेव्हा त्या दुखण्यातही त्या म्हणाल्या, "गाडीला ओरखडा तर पडला नाही ना?" हे वाक्य आम्हांस विसरता येत नाही. वस्तूने माणसाला किती धाकात ठेवले आहे!

आपल्या देवतांची वाहने पाहा. महादेवाला नंदी, विष्णूला गरुड, देवीला सिंह. आणि सर्व देवांत ज्याचे पोट मोठे, त्या गजाननाचे वाहन उंदीर. वाहनावरून देवाची थोरवी ठरत असती तर प्रथमपूजेचा मान त्याला कधीच मिळाला नसता. वाहन लहान आणि स्वार मोठा, हा त्या मूर्तीतला बोध आहे. आम्ही मात्र त्याच मूर्तीला गाडीच्या काचेमागे चिकटवून वाहन मोठे आणि स्वार लहान असे करून दाखविले आहे.

आणि आपल्या जत्रांतील रथ पाहा. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथे रथ निघतो तेव्हा तो ओढण्यास शेकडो हात लागतात. वाहन एक, ओढणारे अनेक, आणि वर बसलेला देव सर्वांचा. तेवढा प्रचंड रथ वाटेत येतो, तरी तो कोणाची वाट अडवितो असे कोणी म्हणत नाही, कारण वाट त्याचीच नव्हे, सर्वांची झालेली असते. आज त्याच जत्रांना जावे तर देवळाबाहेर प्रत्येक कुटुंबाचा वेगळा रथ उभा, आणि देवाच्या रथाला वळावयास जागा नाही, अशी अवस्था येत चालली आहे.

तेव्हा नुसती खंत करून थांबू नये. ज्या वाचकांच्या हाती देवस्थानांचा कारभार आहे, जे पौरोहित्य करतात, त्यांस आमची स्पष्ट विनंती आहे. वाहनपूजा अवश्य करावी. परंतु तिच्या संकल्पात यजमानाकडून चार शब्द वदवून घ्यावेत: पुढे व मागे बसणारा प्रत्येक जण पट्टा बांधील, हातात फोन घेऊन गाडी हाकणार नाही, चालणाऱ्यास वाट देईन, आणि कोणाचे दार अडविणार नाही. लिंबू चिरडण्याआधी पट्टा बांधला आहे की नाही, हे पुरोहितांनी स्वतः पाहावे; दक्षिणा त्यानंतर घ्यावी. उत्सवाच्या दिवशी वसाहतीतून मंदिरापर्यंत सर्वांसाठी एक बस ठेवावी. आजच्या वर्गण्यांत ते अवघड नाही. महाद्वारासमोरची जागा वृद्धांसाठी व चालत येणाऱ्यांसाठी राखावी, आणि हा नियम प्रथम अध्यक्षांच्या गाडीस लागू करावा.

कुटुंबांस आमचे सांगणे याहून सोपे आहे. गाडी घेण्यापूर्वी तीन प्रश्न घरात मोठ्याने विचारावेत, आणि ते विचारताना घरातील सर्वांत वृद्ध व्यक्ती समोर बसलेली असावी. रोज तिच्यात किती जण बसणार? रात्री ती कोठे उभी राहणार? आणि तिसरा, ज्याचे उत्तर ज्याने त्याने देवापुढे एकट्याने द्यावयाचे आहे: रस्त्यावर पाहणारा एकही मनुष्य नसता, तर हीच गाडी घेतली असती काय?

आमच्या यजमानांस आम्ही निघताना हा प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर दिले नाही. परंतु आम्हांस पोहोचविण्यासाठी त्यांनी गाडीची किल्ली घेतली नाही. आमची पिशवी उचलली आणि स्थानकापर्यंत ते आमच्याबरोबर चालत आले.